सुईचं कडवं

त्याला आम्ही सर म्हणायचो. त्याने कुठल्याही शाळेत एक तासही शिकवलेलं नाही, हे मी खात्री करून सांगतो. तो कीबोर्ड वाजवायचा आणि वाजवण्यापेक्षा जास्त बोलायचा. तोंडावर मी त्याला बारा वर्षं अहो-जाहो केलं. इथे लिहिताना 'तो' म्हणतो आहे, कारण आदर पुरवून पुरवून वापरला तरी बाराव्या वर्षी संपला.

मे महिन्यात बुलडाण्याचे लोक डोक्याला ओला रुमाल बांधतात. हा गळ्यात लोकरी मफलर घालायचा. विचारलं की म्हणायचा, "आवाज जपावा लागतो." तो गात नव्हता. कोणाचा आवाज जपायचा, हे त्याने कधी सांगितलं नाही. तो पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा बायको आतून मला खुणावून म्हणाली, "तुमच्या सरले थंडीताप आहे काय? काढा करू?" मी म्हटलं, करू नको, कलाकार आहे.

माणसांना तो नावाने हाक मारत नसे. मी ऑक्टोपॅड वाजवायचो, म्हणजे काठ्यांनी बडवायची आठ खणांची रबरी पाटी. तिच्यातून ढोलकीपासून झांजेपर्यंत सगळं निघतं. म्हणून मी 'पॅड'. एरवी मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो, पण सरला ते बारा वर्षांत माहीत झालं नाही. आमच्या गाणाऱ्या सुनंदाताई. त्या 'व्होकल'.

"व्होकल आली का?" तो दारातून ओरडायचा.

"आली, कीबोर्ड," ताई आतून म्हणायच्या. त्याला त्यातली खोच कळली नाही. त्याला वाटायचं, शिस्त लागली.

ताई देऊळघाटच्या. लहानपणापासून जयंतीला बुद्धविहारासमोर भीमगीतं म्हणत आलेल्या, त्यामुळे माइक असला-नसला तरी त्यांचं अडत नसे. नोकरी अंगणवाडी सेविकेची. लेकरांची वजनं घ्यायची, खिचडी द्यायची, लसीच्या दिवशी घरोघर जाऊन आयांना बोलवायचं.

आमचा चार माणसांचा ऑर्केस्ट्रा होता. चौथा गिटारवाला, तो दर दोन वर्षांनी बदलायचा. पण सरने ऑर्केस्ट्रा हा शब्द बंद केला होता. "आपला सोल-पॉप बँड आहे," असं तो लग्नाचा कार्यक्रम ठरवायला आलेल्या माणसांना सांगायचा. एकदा फेटा बांधलेले एक म्हातारे काका आले होते. त्यांनी विचारलं, "सोल म्हंजे? लसूण सोलतेत, तसं काही?"

"सोल म्हंजे आत्मा, काका. आत्म्याचं संगीत."

काकांनी जरा विचार केला. "मंग बापू, हे तुमी तेराव्याले वाजवा. आमच्या घरी लग्न आहे."

त्याची आणखी एक सवय सांगायला हवी. गाणं बसलं की तो शेजारच्या खोलीत जायचा आणि भिंतीला कान लावून उभा राहायचा. "लोक गाणं भिंतीच्या पल्याडच ऐकतात," हे त्याचं आवडतं वाक्य. आम्ही इकडे वाजवत, तो तिकडे चुन्याला कान घासत. परत यायचा तेव्हा अर्धा कान पांढरा असायचा. आणि मत नेहमी एकच: "साउंड बदलावा लागेल."

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे, नाहीतर माझाच हिशेब चुकेल. ज्या गाण्याने आमचं नाव झालं, ते पहिल्यांदा ऐकू आलं ते त्यालाच.

आमचा सराव देऊळघाटला रफिकभाईंच्या पिठाच्या चक्कीमागच्या खोलीत चालायचा. एका दुपारी ताई लसीकरणाच्या फेरीवरून थेट तिथे आल्या, चप्पल काढता काढता बोलत. "आज सहा घरं केली भाऊ, चौघींनी मले पाहून दार लावलं. वाटलं सुईवाली आली. मले पाहून दार काऊन लावलं? मी काय वाघ आहो?"

सरचे हात कीबोर्डवर थांबले. "पुन्हा म्हण बरं."

"काय म्हणू?"

"तेच. दाराचं. काऊन लावलं."

तेव्हा तोही आमच्यासारखाच बोलायचा, 'का'ला 'काऊन' म्हणायचा. ताईंनी हसत चालीवर म्हटलं, आणि दोन तासांत गाणं उभं राहिलं. शब्द सगळे ताईंचे.

मले पाहून दार काऊन लावलं?
अंगणात आली होती, काय चुकलं?

आणि पुढचं कडवं:

काटा नाही आणला, सुई नाही आणली,
तुह्या लेकराले पाहाले मी आली.

काटा म्हणजे लेकरं जोखायचा वजनकाटा. आम्ही ते तिथेच फोनवर रेकॉर्ड केलं. पलीकडे चक्की चालू होती. तिच्या पट्ट्याला सांधा होता, आणि प्रत्येक फेऱ्याला तो चाकावर टप् करून आपटायचा. मी घड्याळ लावून मोजलं होतं, मिनिटाला चौऱ्याऐंशी. दुसरं काही ऐकूच येत नव्हतं म्हणून मी त्याच ठोक्यावर वाजवलं. गाणं भरलं चार मिनिटं बेचाळीस सेकंद, त्यात ताईंचा आवाज तीन मिनिटं वीस सेकंद. हे मी वहीत लिहून ठेवलं. मी सगळंच लिहून ठेवतो.

गाणं चाललं. किती चाललं याचे आकडे सर सांगायचा, ते मी देत नाही, कारण तो प्रत्येक वेळी वेगळे सांगायचा. माझ्या कानांनी ऐकलेलं एवढं: बुलडाण्याच्या बस स्टँडवर एका सकाळी पाच वेगवेगळ्या फोनांतून. आणि माझ्या ओळखीच्या अकरा सेविकांच्या फोनची रिंग तीच होती. दार कोण लावतं ते त्यांना माहीत होतं. बाकीच्या जगाने ते प्रेमाचं गाणं समजून घेतलं, आणि जगाबरोबर सरनेही.

त्या टप् टप् आवाजाचं फार कौतुक झालं. कोणीतरी सरला विचारलं, हा ठोका कसा काढला? सर म्हणाला, "तो आतून येतो." मी शेजारीच होतो. आतून म्हणजे चक्कीतून, एवढं मी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

मग तो पुण्याला गेला, मोठ्या स्टुडिओत तेच गाणं पुन्हा करायला. ताईंना एक दिवस बोलावलं, मला नाही. तो तिथे अकरा दिवस राहिला. जाताना 'मले' म्हणत होता, आला तो 'मला' म्हणत. अकरा दिवसांत माणसाचा टायफॉइड उतरत नाही, याची भाषा उतरली. फक्त राग आला की जुनी परत यायची, तेवढ्यापुरता तो ओळखू येई.

"ॲक्च्युअली 'काऊन' ऐकून तिकडे लोक हसतात," तो म्हणाला. "आपण 'का गं' केलं आहे. मला पाहून दार का गं लावलं."

"सर, 'का गं' आमच्यात कोणी म्हणत नाही," ताई म्हणाल्या. "दार लावणारी म्हणंन, हे कोण पुण्याचं आलं, आन् अजून एक कडी घालंन."

"आणि ते सुईचं कडवं काढलं आहे. लेकरू, सुई, हे रोमँटिक नाही."

"पण दार त्याच्यासाठीच तं लावलं होतं."

"व्होकल, तुला साउंड कळत नाही."

नवं गाणं तीन मिनिटं पन्नास सेकंद. ताईंचा आवाज दोन मिनिटं पाच. उरलेल्यात चार पुरुष 'का गं, का गं' म्हणत होते. ते गाणं चाललं नाही. सर म्हणाला, काळाच्या पुढे आहे.

त्यानंतर साउंड बदलायची त्याला चटकच लागली. मोबाइलच्या सॉफ्टवेअरसारखे तो गाण्याला नंबर द्यायचा. टू पॉइंट झिरो, टू पॉइंट फाइव्ह. "बियाणं बदललं नाही तर पीक येत नाही," असं म्हणायचा. शेती त्याच्या घरात तीन पिढ्या कोणी केली नव्हती. एकदा डीजेवाल्यांसाठी केलं, मिनिटाला एकशे अठ्ठावीस ठोके, त्यात ताईंचे दोनच शब्द कापून 'दार-दार-दार-दार' असे उडवत नेले. बाईचा आवाज आहे की दाराची कडी, हे कळायला मला तीनदा ऐकावं लागलं. ताईंचे चाळीस सेकंद. मग एक संथ केलं. त्यात पावसाचा आवाज, कपात चमचा ढवळल्याचा आवाज, आणि खूप खालून, विहिरीतून हाक मारल्यासारख्या ताई. एकोणीस सेकंद.

ताई दर वेळी मला विचारायच्या, "यंदा किती, भाऊ?" मी वही बघून सांगायचो. त्या हसायच्या. पण दर कार्यक्रमाआधी त्या सरला एकच मागायच्या. "सर, एक डाव मले ते पुरं म्हणू द्या. पह्यलं होतं तसं, सुईच्या कडव्यासकट. रेकॉर्ड नका करू. निस्तं म्हणू द्या." दुसरं काही त्यांनी त्या माणसाकडे कधी मागितलं नाही.

"पुढच्या प्रोग्रामला," सर म्हणायचा. माझ्या वहीत हे 'पुढच्या प्रोग्रामला' सतरा वेळा आहे. मी ते लिहीत होतो आणि वाजवतही होतो. बँड सोडला असता तर ऑक्टोपॅड घरी पलंगाखाली गेला असता, आणि मला ते नको होतं. एवढंच माझं कारण.

मग कॉम्प्युटर आला. सर कुठूनतरी शिकून आला की माणसाचा आवाज मशीनला ऐकवला की मशीन त्याच आवाजात काहीही गातं. त्याने ताईंची जुनी गाणी मशीनला दिली. "आता व्होकल आजारी पडली तरी बँड थांबत नाही," तो आनंदाने म्हणाला. ताई तिथेच बसल्या होत्या, ठणठणीत.

या नव्या गाण्यात त्याने 'काऊन' परत आणलं होतं, कारण मधल्या काळात वऱ्हाडी बोलण्याला फोनवर मागणी आली होती. पहिला प्रयोग देऊळगाव राजाला, बालाजीच्या यात्रेत, दुपारी चारला. ताईंनी फक्त ओठ हलवायचे, असं ठरलं. मी विचारलं, "त्या इथे असताना?" तर म्हणाला, "साउंड एकसारखा पाहिजे."

गाणं सुरू झालं. मशीनचा आवाज ताईंसारखा होता, खोटं कशाला बोलू. पण मशीनला वऱ्हाडी येत नव्हतं. त्याने 'काऊन' मधोमध तोडलं. "मले पाहून दार का, ऊन लावलं?"

देऊळगाव राजाचे लोक 'काऊन' म्हणत नाहीत, जालन्याच्या बाजूने 'कामून' म्हणतात. पण ऊन सगळ्यांना कळतं. पहिल्या रांगेतून एकजण ओरडला, "अय, ऊन लागलं हिला!"

"कांदा फोडा! कांदा हुंगवा!"

"मफलरवाल्याला आधी हुंगवा!"

सगळा मांडव हसत होता. ताई मधोमध उभ्या, ओठ हलवत, दुसऱ्याच्या चुकीला आपलं तोंड देत. दुसऱ्या ओळीपासून त्यांनी ओठ मिटून घेतले. गाणं मात्र चालूच राहिलं, तोंडाशिवाय.

मला वाटलं, आता तरी हा जमिनीत जाईल. गाडीत बसताना तो म्हणाला, "पाहिलं? ऑडियन्स इंटरॲक्ट झाला." ताईंनी मला विचारलं, "किती, भाऊ?" मी वही उघडली नाही. "शून्य," म्हटलं.

त्या गोंधळाचा कोणीतरी व्हिडिओ केला आणि तो चालला. जुन्या गाण्यानंतर पहिल्यांदाच आमचं काही चाललं. उन्हाळ्यात लोक एकमेकांना पाठवायचे: का, ऊन लावलं? सर सांगू लागला की हे शब्द त्याने मुद्दाम तोडले होते, ही नवी शैली आहे.

त्यानंतरचं लग्न पिंपळगाव राजाला होतं. त्या दिवशी मशीनचा साउंड बॉक्स बिघडला होता, म्हणून सर ताईंना म्हणाला, "व्होकल, आज तू गा. पण ऊन वेगळं काढून म्हण. लोकांना तसंच पाहिजे."

"चुकीचं म्हणू?"

"चुकीचं काय त्यात? सगळे तेच म्हणतात."

ताई उभ्या राहिल्या आणि म्हटलं तसंच, जसं पहिल्यांदा म्हटलं होतं. मले पाहून दार काऊन लावलं. कित्येक वर्षांनंतर मी तो आवाज इतक्या जवळून ऐकत होतो, की काठ्या जरा हळू पडल्या. आणि मांडवातून आवाज आला, "चुकलं! चुकलं! ऊन म्हणा, ताई, ऊन!" बाकीचेही ओरडायला लागले. त्यांच्यातलं वाईट कोणी नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की बाई गाणं विसरली.

सरने ताईंच्या हातातून माइक घेतला. "व्होकल थकली आहे, मंडळी. जरा समजून घ्या."

ताई खाली उतरल्या आणि बायकांच्या पंगतीत जाऊन बसल्या. कोणीतरी त्यांना भात वाढला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बँडचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडला. सरने खाली लिहिलं, 'बदल हाच सोल आहे.' त्याला अंगठा मी दिला नाही. त्यापलीकडे काही केलंही नाही.

पुढच्या वर्षी ऊन ओसरलं, म्हणजे लोकांचं हसणं. मग सरला साक्षात्कार झाला. लोकांना आता ओरिजिनल पाहिजे, कच्चं पाहिजे. तो मला घेऊन रफिकभाईंकडे गेला.

"भाई, तो ठोका परत पाहिजे."

"कौनसा ठोका?"

"पट्ट्याचा. टप् टप्."

"अरे भाऊ, तो पट्टा तं कव्हाच बदलला. आता बिनसांध्याचा आहे, आवाजच नाही करत," रफिकभाई अभिमानाने म्हणाले.

"जुना कुठे आहे?"

"म्हशीले बांधला. लई मजबूत निघाला."

सर म्हशीपर्यंत गेला. पट्टा पाहून आला.

आठवड्याने त्याने सगळीकडे मेसेज टाकला: ओरिजिनल फील असलेला स्त्री-आवाज पाहिजे, गाणं म्हणून पाठवा, नाव गुप्त ठेवलं तरी चालेल. तो वाचून मी सुट्टी टाकली आणि ताईंच्या अंगणवाडीत गेलो. खिचडी शिजत होती. बारा लेकरं होती, एक रडत होतं.

मेसेज दाखवला. ताईंनी दोनदा वाचला. "म्हंजे माह्यासारखा आवाज पाहिजे त्यायले?"

"हो."

"आन् मी नको."

"ते त्यांना सुचलेलं नाही."

त्यांनी झाऱ्याने खिचडी ढवळली, झाकण ठेवलं. "भाऊ, फोन चालू करा. सुईच्या कडव्यासकट म्हणतो. नाव नका सांगू."

रडणाऱ्या लेकराला कडेवर घेऊन त्यांनी गाणं म्हटलं. वाजवायला काही नव्हतं, मी वजनकाट्याच्या पत्र्यावर बोटांनी ठोका धरला. दुसऱ्या कडव्याला आवाज जरा चिरला. वय झालंय, त्यांचं आणि माझंही. त्या थांबल्या नाहीत. गाणं संपलं तेव्हा लेकरू झोपलं होतं. तीन मिनिटं चौतीस सेकंद, आणि या वेळी वेगळा आकडा काढायची गरज नव्हती, सगळा आवाज त्यांचाच होता.

मी तिथूनच सरला पाठवलं. वीस मिनिटांत त्याचा उलट व्हॉइस मेसेज आला. ताई म्हणाल्या, मोठ्याने लावा.

"पॅड, आवाज बरा आहे. दहापैकी सहा. पण दोन गोष्टी. एक, बाई 'काऊन' सरळ म्हणते, तिला ऊन तोडायला सांग. दुसरं, ते सुईचं कडवं मध्येच कोणी घुसडलं? गाण्याचा सत्यानाश केला. ओरिजिनल येत नसेल तर निदान नीट ऐकून तरी म्हणा म्हणावं."

ताई इतक्या हसल्या की लेकरू दचकलं. "सहा! भाऊ, वर्षाचं लेकरू सहा किलोचं भरलं तं आम्ही त्याले लाल पट्टीत टाकतो. कमी वजनाचं. जास्तीचा आहार चालू करतो."

"सांगू का त्यांना, कोण आहे ते?"

"नका सांगू."

"काऊन?"

त्यांनी पदराने डोळ्यांतलं पाणी पुसलं, ते हसण्याने आलेलं होतं की कसं, मी विचारलं नाही. "त्यायले सांगितलं तं ते याचाबी साउंड बदलतीन. मले एक डाव पुरं म्हणाचं होतं. म्हटलं." मग त्या लेकरांकडे वळल्या. "चला रे, ताटल्या घ्या."

मी ऑक्टोपॅड पलंगाखाली ठेवला. सरने नवा पॅडवाला घेतला, त्यालाही 'पॅड'च म्हणतो, असं ऐकतो.

परवा तो बस स्टँडवर भेटला. मफलर होता. केस रंगवलेले, मफलरच्या काठाला तोच रंग लागलेला. अजून आवाज शोधतो आहे म्हणाला; मलकापूर, चिखली, मेहकर, सगळीकडच्या बाया ऐकून झाल्या. बोलता बोलता त्याची पुण्याची भाषा गळून पडली. "पॅड, तसा आवाज राह्यलाच नाही बे आपल्या जिल्ह्यात. कुठी गेला असंन?"

देऊळघाटची गाडी समोरच उभी होती, कंडक्टर हाका मारत होता. तिथून देऊळघाट किती, हे मला किलोमीटरमध्ये सांगता आलं असतं.

"काय माहीत, सर," मी म्हटलं.